तेवीस नंबरचा कान

बावधन,
६ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि मी ओरडले की खालून घरमालक विठ्ठलराव विचारतात, कुणाशी भांडतेस. कानातलं यंत्र तुम्ही डब्यात घालून ठेवलंय, हे मला ठाऊक आहे. ते शिट्टी मारतं म्हणे. जन्मभर तुम्ही मेंढरांना शिट्ट्या मारल्यात, आता एका यंत्रानं तुम्हाला मारली तर एवढा राग कशाला?

काम असं आहे. २१ डिसेंबरला पुण्यात माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागतंय, आयुष्यातलं पहिलं. छत्तीस चित्रं आहेत, सगळी कोळशाची, आणि सगळी आपल्या खांडातल्या मेंढ्यांच्या तोंडांची. खांड विकून अकरा वर्षं झाली, घरात एक फोटो नाही. तरी कागदापुढे बसले की एकेक तोंड येऊन उभं राहतं. संध्याकाळी वाघरीची जाळी उचलून धरून तुम्ही एकेक मेंढी आत घ्यायचात आणि मला शेजारी बसवायचात. आकडे मोजायचे नाहीत, तोंडं बघायची, आकडा चुकतो पण तोंड चुकत नाही, असं सांगायचात. मी आर्ट स्कूलात पाच वर्षं काढली, पण शिकले ते त्या जाळीपाशी.

फक्त नावं विसरले, आबा. प्रदर्शन मांडणाऱ्या सुलक्षणामॅडम म्हणतात, प्रत्येक चित्राखाली नाव पाहिजे. म्हणून सगळ्या चित्रांच्या झेरॉक्स नंबर घालून पाठवते आहे. नंबरापुढे नाव आणि तिची एखादी खोड लिहून धाडा. चष्मा सापडत नसेल तर कपाळावर बघा.

माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळी शाळेत चित्रकलेचे तास घेते, खोलीवर येते आणि ताट वाढलेलं असताना हात कोळशाकडे जातो. झालेलं चित्र पुन्हा काढते, पुसते, पुन्हा काढते. लोकांना छत्तीस मेंढ्या दिसतील आणि ते पुढे निघून जातील, अशी धास्ती वाटते.

तुमचा लोभ मेंढ्यांच्या खालोखाल का होईना, माझ्या वाट्याला येऊ द्यावा.

तुमची,
अपेक्षा


मु. धनगरवाडा, पो. पौड,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षा हिला आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बंगल्यांच्या गेटवर खुर्ची टाकून लिहितोय. याच उतारावर आपली मेंढरं चरायची, आता मी इथल्या बंगल्यांच्या चाव्या सांभाळतो. सुट्टी मिळत नाही, पण बसायला मिळतं. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर बघ आणि तुझं बघ. तुझं म्हणजे कोंबडीनं उकिरडा विस्कटावा तसं.

झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलो आणि दुपारची भाकर राहून गेली. पोरी, तू माझं खांड परत आणलंस. मी एकेकीला बघून मोठ्यानं नाव घेत होतो. बंगल्यातला माळी माझ्याकडे बघून हसत होता, त्याला हसू दे म्हटलं. नावं अशी: पहिली मोरी, ती कायम पुढं. दुसरी भुरी, तिसरी टिकली. चौथीला आम्ही सासूबाई म्हणायचो, कारण खायला घातलं तरी कुरकुर आणि नाही घातलं तरी कुरकुर. बाकीची यादी वेगळ्या कागदावर आहे. बाराव्या हरणीचा खालचा ओठ लोंबायचा, तोही तू सोडला नाहीस.

एकच चूक आहे. तेवीस नंबर. ती काजळी, तोंड बरोब्बर तिचंच. बहिरी होती ती, कितीही हाका मारल्या तरी मान वळवायची नाही. पण कान चुकलाय. आपल्या घरची खूण उजव्या कानाच्या शेंड्याला दोन चिरा. तू डाव्या कानाला खालच्या अंगाला अर्धा चंद्र काढलास. ही आपली खूण नव्हे. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण वाडीतलं कुणी आलं तर हसेल. तेवढा कान नीट कर. नीट होत नसेल तर ते चित्र लावूच नको, पस्तीस पुष्कळ झाली. नीट होईपर्यंत कुणाला दाखवू नको.

वेळेवर जेव. आशीर्वाद आहेत, ते पुरवून पुरवून वापर.

तुझा,
आबा


बावधन,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आबांस सा. न. वि. वि.

यादी मिळाली. सासूबाईचं नाव वाचून मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला.

पण तेवीस नंबरनं माझी झोप उडवली आहे. तुम्ही सांगितलं म्हणून कान पुसला आणि उजव्या कानाला दोन चिरा दिल्या. बघितलं तर ती कुणी वेगळीच मेंढी. दुसऱ्या कागदावर काढली, तो फाडला. तिसरा फाडला. हात ऐकतच नाही, आबा. डाव्या कानाशी आला की आपोआप अर्धा चंद्र काढतो.

आणि मला नुसतं दिसत नाही, बोटाला आठवतं. माझी करंगळी त्या चंद्रात बसायची. काजळीचं डोकं माझ्या मांडीवर, माझं अंग तापानं फणफणलेलं, आणि मी करंगळी त्या कापलेल्या कडेवरून फिरवत बसलेली. कड गुळगुळीत होती, जुनी जखम भरून आल्यावर असते तशी.

तुम्ही म्हणाल, एका कानाचं काय एवढं. मॅडमही तेच म्हणतात. पण प्रदर्शनाच्या पाटीवर लिहिलंय की ही सगळी चित्रं आठवणीतून काढली आहेत. हा कान मी मनानं रचला असेल, तर हरणीचा ओठही मी रचला असेल, आणि आईचा चेहरा म्हणून जे डोळ्यांपुढे येतं तेही. मग माझ्याजवळ खरं असं उरलं काय? चार दिवस मी याच विचारात घराचे जिने चढते-उतरते आहे. बानूआत्यालाही पत्र टाकलंय, तिला खुणा ठाऊक असतील.

रागावू नका. कान ओढायचाच असेल तर माझा ओढा, काजळीचा राहू द्या.

तुमची,
अपेक्षा


जांबे,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षा हिस बानूआत्याचा आशीर्वाद. आत्या सांगतीया आणि मी, तिची नात पिंकी, लिहितीया. बोलती तसंच लिही म्हणाली, म्हणून तसंच लिहिलंय.

आगं पोरी, पेंटर झालीस, पर आत्याला भेटाया यायला तुला टाइम न्हाई. हिंजवडीच्या एवढ्या बशी फिरत्यात, एकीत बी तू बसत न्हाईस. आसू दे. इचारलंस त्ये सांगती. डाव्या कानाला खालच्या अंगाला अर्धा चंद्र, ही कुशाबाच्या घरची खूण. आपल्या वाड्यातलं बारकं प्वार बी सांगंल.

तुझी आय गेली त्या सालची गोष्ट हाय. भादव्यात वढ्यावर आपलं खांड आन कुशाबाचं खांड एकात एक मिसाळलं. सांजच्याला येगळं केलं तर कुशाबाची एक मेंढी कमी. काळ्या तोंडाची, लई गुणाची. लांडग्यानं न्हेली म्हणावं तर रगत कुटं दिसंना. मंग कुशाबानं आळ घेतला त्यो घरच्या बायकूवर. साळूबाईच्या भावाचं लगीन व्हतं, हिनं गुपचूप म्हायारी धाडली म्हणला. साळूबाईनं बिरोबाम्होरं भंडारा उचलून शपथ घेतली का म्या न्हाई दिली. समदा वाडा उभा व्हता. आन म्हैन्याच्या आत त्यांची अकरा मेंढरं रोगानं मेली. झालं मंग. लोक म्हणली, हिनं खोटा भंडारा उचलला, द्येवानं दावलं. कुशाबा म्येला परसाली, पर मरूस्तवर तिला टोचत व्हता. साळूबाई अजून द्येवळाच्या पायरीवर बसती, आत म्हणून जात न्हाई.

आता आपल्या काजळीला त्यो कान कसा, त्ये मला इचारू नगं. म्या तवा लगीन होऊन हितं जांब्याला आल्याली. तुझ्या बापाला इचार. त्याला बाकी कायबी ऐकू येऊ न्हाई तर न्हाई, येवढं ऐकू आलं पायजे.

दिवाळीला ये. न्हाई आलीस तर तुझ्या वाटणीचं लाडू पिंकी खाईल, आन खाऊन झाल्याव तुला फोटू धाडंल.

आत्या (आंगठा हितं उठला न्हाई, शाई संपली)


बावधन,
५ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस सा. न. वि. वि.

दिवाळीत मी आले नाही, शाळेचं कारण सांगितलं. शाळेला सुट्टी होती. खरं कारण असं की तुमच्या तोंडाकडे बघून मला हे विचारता आलं नसतं. एका एस.टी.चं अंतर आहे, दोनदा चांदणी चौकापर्यंत जाऊन परत आले.

आत्याचं पत्र आलं. ते वाचल्यावर मला पुढचं आठवलं. काजळीच्या डाव्या कानाला हळद आणि तेल लावलेलं होतं. कान खालून सरळ कापल्यासारखा आखूड झाला होता आणि चंद्र नव्हता. मी रडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, कुत्र्यानं तोडला. मी त्या कुत्र्याला दगड मारत फिरले होते. आठवतं तुम्हाला? पांढरं कुत्रं, बिचारं.

तिचे दोन्ही कान मी पाहिले आहेत, आधीचा आणि नंतरचा. माझ्या हातानं आधीचा धरून ठेवला. तो मी आता दुरुस्त केला, तर तो दुसऱ्यांदा कापल्यासारखा होईल, आबा. तेवढं मला सांगू नका.

मी तुमची झडती घेत नाही. पण काजळी आपल्याकडे कशी आली, ते तुमच्या चांगल्या अक्षरात लिहा. उत्तराची वाट बघते आहे, आणि वाट बघताना काही सुचत नाही. या घडीला लोभ मागावा की द्यावा, तेही कळत नाही.

अपेक्षा


मु. धनगरवाडा, पो. पौड,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षा,
आशीर्वाद.

हे पत्र चार वेळा लिहिलं. दोन वेळा गेटवर गाड्या येऊन थांबल्या आणि मी फाटक उघडायचं विसरलो. मालकानं विचारलं, म्हसू, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हणालो.

ती कुशाबाची मेंढी होती. चुकून आली, पण मी चुकून ठेवली नाही. संध्याकाळी जाळीतून आत येताना तिचं तोंड बघितलं त्याच क्षणी ओळखलं. मेंढक्यानं मला समजलं नाही म्हटलं, तर ते खोटं समजावं. सकाळी नेऊन देऊ, असं ठरवलं होतं.

तुझी आई जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. तू नऊ वर्षांची होतीस. ताप उतरत नव्हता, पौडच्या डॉक्टरनं औषध दिलं ते पोटात राहत नव्हतं, आणि तू बोलणंच सोडलं होतंस. सकाळी उठून बघतो तर तू जाळीत जाऊन तिच्या गळ्यात हात टाकून बसलेली. त्या दिवशी तू अर्धी भाकर खाल्लीस, निम्मी तिला दिलीस. मी म्हटलं, आजचा दिवस राहू दे. मग दुसरा दिवस झाला. तिसऱ्या दिवशी कुशाबा विचारायला आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्यात नाही आली. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्यानं जाळीत वाकूनसुद्धा बघितलं नाही. तो गेल्यावर मी तिचा कान कापला. एक खोटं बोललो की दुसरं हातानं करावं लागतं. पुढं कधी आपलं खांड त्याच्या नजरेच्या टप्प्यात नेलं नाही.

ताप उतरल्यावर तू चुलीतला कोळसा घेऊन दारापुढच्या दगडावर चित्र काढलंस. तुझं पहिलं चित्र. ते तिचंच होतं, आणि मी कान कापला होता तरी तू चंद्राचा कान काढलास. मी पाणी टाकून पुसलं. तू पुन्हा काढलंस. तेव्हापासून तू काढतेच आहेस. आज लोक तुझी चित्रं बघायला येणार, त्याचं मूळ हे असं आहे.

साळूबाईनं भंडारा उचलला तेव्हा मी पहिल्या रांगेत उभा होतो. माझ्या कपाळाला तोच भंडारा होता. मी गप्प राहिलो. त्यांची मेंढरं मेली तेव्हाही गप्प राहिलो. कुशाबाला खांदा दिला तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

आता हात जोडून मागतो. ते चित्र लावू नको. साहिल म्हणून साळूबाईचा पुतण्या बावधनला नोकरीला आहे, तो येईल, बघेल, त्याला खूण कळेल. इथं माझ्याकडे लोकांच्या घराच्या चाव्या आहेत. माझ्या माघारी काय लावायचं ते लाव.

लोभ ठेव असं म्हणायचा मला हक्क उरला नाही, तरी म्हणतो.

आबा


बावधन,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस न. वि. वि.

मला तुमचा राग आला, हे आधी लिहिते, म्हणजे उरलेलं पत्र खरं होईल. माझ्यासाठी केलंत म्हणून राग कमी व्हावा, तर तो वाढतो. माझ्या तापाची किंमत साळूआजीनं वीस वर्षं पायरीवर बसून दिली आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि लगेच त्या गळ्याची ऊब आठवते, मग रडू येतं. दोन्ही एका वेळी होतं. खोलीत इकडून तिकडे फिरते आहे, विठ्ठलरावांच्या घरच्यांना वाटत असेल वर बैल बांधलाय.

तुमच्या परवानगीवाचून ते चित्र मी लावणार नाही. पण कानही बदलणार नाही, आणि त्या जागी दुसरं चित्रही टांगणार नाही. तेवीस नंबरचा खिळा मोकळा राहील. लोक विचारतील तर सांगेन की हे चित्र माझं नाही.

मूळ चित्र पुठ्ठ्यात बांधून पौडच्या एस.टी.नं पाठवते आहे, स्टँडवरून उतरवून घ्या. कोळसा आहे, हात लागला तर पुसेल. ते पेटीत घालून ठेवायचं की कुणाला नेऊन दाखवायचं, ते तुम्ही ठरवा. तोंड चुकत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसणारे तुम्हीच होतात, हेही मी विसरलेले नाही. लोभ तुटलेला नाही, पण त्याला ताण बसला आहे.

तुमची,
अपेक्षा


मु. धनगरवाडा, पो. पौड,
९ डिसेंबर २०२४

चि. अपेक्षा हिला आबाचे आशीर्वाद.

चित्र स्टँडवरून आणलं आणि आठ दिवस पेटीवर उभं करून ठेवलं. भाकर खायला बसलो की ती बघायची. शेवटी पाठ करून बसलो, तर पाठीवर बघायची. नवव्या दिवशी ते उचलून साळूबाईच्या दारात नेलं.

ती शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांना आता कमी दिसतं तिला. मी चित्र तिच्यापुढं धरलं. तिनं बोटानं चाचपलं, डाव्या कानाशी आल्यावर तिचं बोट थांबलं. कोळसा लागला बोटाला. मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तिनं शेंगांचं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. चित्र बाहेर, मी बाहेर.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत बंगल्याच्या गेटवर आली. माळी होता, मालकीणबाई होत्या. सगळ्यांदेखत म्हणाली की मी वाड्यापुढं भंडारा उचलला होता, आता तू वाड्यापुढं उचलायचा, येत्या ऐतवारी. मला ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ती खच्चून ओरडत होती. मी त्याच वेळी चाव्यांचा जुडगा मालकीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी का म्हणून विचारलं, तेही सांगितलं.

काल ऐतवार होता. बिरोबापुढं भंडारा उचलला आणि सांगितलं. कुशाबाच्या घरातलं कुणी तरी पोर अंगावर धावून आलं, साहिल असावा. साळूबाईनं काठी आडवी घातली. म्हणाली, मी खरं बोलत व्हते तवा ह्यातला एक बी म्होरं आला न्हाई, आता मारायला बरे धावताय. मग ती पायऱ्या चढली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. वाड्यातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत, पण मला तसंही ऐकू येत नाही, म्हणून चालतंय. चाव्या आज सकाळी मालकीणबाईंनी परत दिल्या.

माफ केलं असं साळूबाई म्हणाली नाही. म्हणेल असं वाटत नाही. पण निरोप दिलाय. चित्र लावायचं, कान आहे तसाच ठेवायचा, आणि ते बघायला ती २१ तारखेला येणार. कोणत्या बशीनं यायचं ते विचारत होती. मी घेऊन येईन म्हणालो. ये म्हणाली, पण शेजारच्या सीटवर बसू नको. चित्र मी बरोबर आणतो, मांडीवर धरून. तिच्या बोटाचा ठसा कानापाशी उमटलाय, तो पुसू नको.

आता यादीतली दुरुस्ती. तेवीस नंबरपुढं मी काजळी लिहिलं होतं, ते खोड. तिचं नाव सगुणा. खाली साळूबाईच्या खांडातली, असं लिही. तिच्यापुढं बहिरी असंही लिहिलं होतं, तेही खोड. साळूबाई म्हणाली, सगुणा म्हणून हाक टाकली की दोन टेकड्यांपलीकडून पळत यायची. सात वर्षं ती आपल्या दारात होती, पोरी. तिला तिच्या नावानं कुणी हाकच मारली नाही.

लोभ ठेवशील तेवढा घेईन.

तुझा,
आबा